कातड्यांच्या बदल्यात मुलं

सौदीत अल-खोबरला आमच्या खालच्या मजल्यावर एक रशियन जोडपं राहायचं. तो बंदरात जहाजांची तपासणी करायचा. उंच, गोरा, बोलका. ती ठेंगणी, बारीक डोळ्यांची, गालांची हाडं वर आलेली. रशियाच्या पार पूर्वेकडच्या बेटांवरची, अल्यूत जमातीची. तिचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं जमलं.

माझ्या मुलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी विषय मिळाला, रशियाचे समुद्रशोधक. मी तिला घेऊन खाली गेले. तो खूश झाला.

“आमच्या झारला आधी धड समुद्रच नव्हता,” तो सांगू लागला. “तो स्वतः हॉलंडला जाऊन जहाजं बांधायला शिकला. मरायच्या थोडं आधी त्यानं एका डॅनिश कप्तानाला हुकूम दिला, आशिया आणि अमेरिका जोडलेले आहेत का बघून ये.”

दुसऱ्या मोहिमेत तो कप्तान अलास्काचा किनारा पाहून परतताना एका ओसाड बेटावर मेला. उरलेल्या खलाशांनी फुटक्या जहाजाच्या फळ्यांचं लहान जहाज केलं आणि घरी परतले ते समुद्रातल्या पाणमांजरांची कातडी घेऊन. चिनी लोक त्या कातड्यांवर तुटून पडले. “झालं! आमचं साम्राज्य समुद्रापार निघालं,” तो म्हणाला.

ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “पुढचंही सांग.”

“तूच सांग. तुझेच आजे-पणजे ना ते.”

तिनं सुरी ठेवली आणि माझ्या मुलीकडे बघत बोलली. “व्यापारी बेटावर उतरले की आधी मुलं धरायचे. मग बापांना म्हणायचे, समुद्रात जा, कातडी आणा, तरच मूल परत मिळेल. बायकांना स्वतःकडे ठेवून घ्यायचे. काही बेटांवर आमचे लोक उठले, तर त्यांच्या होड्या फोडल्या, भाले मोडले. होडी नाही म्हणजे शिकार नाही. हिवाळ्यात माणसं आपोआप मेली.”

त्यानं हसत तिच्या गालावर चापटी मारली. “आम्ही आलो नसतो तर अजून पक्ष्यांच्या कातड्यात फिरली असतीस.”

मुलीनं दोन्ही गोष्टी तक्त्यावर लिहिल्या. शाळेतल्या मॅडमनी खालचा, बेटांवरच्या लोकांचा भाग कात्रीनं कापून टाकला. “टू निगेटिव्ह आहे म्हणाल्या,” मुलगी रडवेली होऊन सांगत होती.

प्रदर्शनाला आम्ही त्या दोघांनाही बोलावलं. दारात पास वाटणाऱ्या बाईंनी त्याच्याशी हात मिळवला आणि तिला हातानंच बाजूला केलं. “मेड लोक मागच्या खोलीत बसतील.”

मी म्हणाले, “अहो, त्या यांच्या मिसेस आहेत.” बाई ओशाळल्या, सॉरी म्हणाल्या. पण तोच मोठ्यानं हसला. “चूक नाही तुमची. जा गं, बस तिकडे. तुझीच माणसं आहेत.”

ती खरंच गेली. मी मागोमाग गेले. खोलीत फिलिपिनो आणि इंडोनेशियन मुली मालकिणींच्या पर्स सांभाळत बसल्या होत्या. एकीनं सरकून तिला जागा दिली. “तू आत जा,” ती मला म्हणाली. “मुलगी वाट बघत असेल.” आत तो माझ्या मुलीच्या तक्त्यापुढे उभा राहून पालकांना झारच्या गोष्टी सांगत होता आणि लोक त्याचे फोटो काढत होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात तिची आई बेटावर आजारी पडली. तिचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर; देशाबाहेर जायचा व्हिसाही त्यानंच काढायचा. तो काढेना. जिन्यात भेटला तेव्हा मी विचारलं.

“गेली तर परत येणार नाही,” तो म्हणाला. “आणि मला जेवायला कोण घालेल?”

“तिची आई मरतेय.”

“म्हाताऱ्या मरतातच.”

मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस.”

आई गेली. तिनं वर आमच्याकडे येऊन मला फोनवर आईला पुरतानाचा व्हिडिओ दाखवला. बर्फ, चार माणसं, वाऱ्यानं काही ऐकू येत नव्हतं. संपल्यावर तिनं फोन उलटा ठेवला आणि विचारलं, “तुमच्याकडे आई गेल्यावर काय करतात?” मी दहावं, तेरावं सांगू लागले. मध्येच खालून त्याची हाक आली, जेवणाचं काय झालं. ती उठून गेली.

पुढे त्याची बदली यान्बूच्या बंदरात झाली. सामान नेताना ती लिफ्टमध्ये खोक्यांच्या मागे उभी होती, खांद्याच्या वर तेवढीच दिसत होती. त्यानं मला हसून हात केला आणि दार बंद झालं.