पाणी कोणी बंद केलं?

कळंबच्या मोटार स्टँडवर बाबांनी माझी पेटी टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "दिल्लीले कोनी पुसलं त पानी बंद झालं म्हनू नको. गुलाबरावनं केलं म्हन."

धम्म घेतल्यावर आमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गुलाबरावांच्या शेतात बाबांनी जन्म काढला होता. त्यांच्या विहिरीवर गडी आमच्या घागरीत वरून पाणी ओतायचा, ते त्यांनी त्या रागानं थांबवलं. आई नाल्यात झिरा खणून गढूळ पाणी आणू लागली. त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण शांता हगवणीनं गेली. गाव हळहळलं, नाही असं नाही. पण बोलणं कसं? पाणी बंद झालं. पोर गेली. तिचं आयुष्य तेवढंच होतं. सगळं आपोआप, कोणाचा हात म्हणून कुठं लागलेला नाही.

दिल्लीत माझ्या नोकरीच्या कचेरीनं मला संध्याकाळच्या स्पॅनिश वर्गाला धाडलं. तिथं एक दिवस 'से' आला. हा एवढासा शब्द क्रियापदाला लावला की करणारा वाक्यातून पसार. 'से कोर्तो एल आग्वा', म्हणजे पाणी तोडलं गेलं. मास्तरांनी तसंच वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'गुलाबराव कोर्तो एल आग्वा.' त्यांनी लाल रेघ मारली. "करनेवाला यहाँ नहीं चाहिए, भाई." मी पुन्हा तेच लिहिलं. वर्ग खदखदून हसला. माझं मात्र डोकं तडकलं. सात समुद्रांपलीकडच्या भाषेतही अशा करणाऱ्यांना लपायची सोय करून ठेवलेली! तो धडा मला शेवटपर्यंत जमला नाही, आणि मार्क गेले त्याचं मला काडीचं दुःख नाही.

पुढं सुट्टीत गावी गेलो. गुलाबराव ओसरीवर बसले होते. थकले होते. शांताचं नाव मी काढलं तशी त्यांनी नजर फिरवली.

"तवा तसं झालं, बापा. आता कायले काढून राह्यला?"

"झालं नाही, जी. तुमी केलं."

ते पानाला चुना लावत बसले. एकदा 'मी' म्हणतील म्हणून मी उन्हात उभा राहिलो. त्यांनी पान तोंडात टाकलं आणि आत गेले.

तुम्ही गावात मागं राहिलेले पत्रातून विचारता, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेलेही भेटले की विचारतात, घराची आठवण येते का? येते. दिल्लीतही लोक पुष्कळदा 'झालं' म्हणतात आणि मी मान डोलावतो, कारण ते कोणी केलं हे मला ठाऊक नसतं. गावात कोणी केलं ते मला ठाऊक असतं. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढंच उरलं आहे.