रुस्ताकचा काहवा आणि इंकांचा राजा

मस्कतला उतरल्यापासून मी भावाला, प्रकाशला, एकच सांगत होते: मला रुस्ताकचा किल्ला दाखव. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही इतिहासाची. मॉल बघायला आले नव्हते.

प्रकाश सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फिटर. सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारीच निघालो आणि बरोब्बर नमाजाच्या वेळी पोहोचलो. किल्ला बंद, सूक (बाजार) बंद.

"इतकी वर्षं राहतोस, शुक्रवार कळत नाही?"

"ताई, शुक्रवारी मी झोपतो."

गाडीत मागे भाची इरा. स्पॅनिशांनी इंकांचं राज्य कसं जिंकलं, यावर रविवारी शाळेत तिचं भाषण (इथे रविवारी शाळा असते). उत्तर तयार: "गन्स, आत्या. इंका फूलिश होते."

माझं डोकंच फिरलं. मूठभर माणसांनी एवढं राज्य नुसत्या बंदुकांनी घेतलं? दोघा भावांच्या भाऊबंदकीनं ते आधीच पोखरलेलं, वर देवीच्या रोगाची साथ. राजानं परक्यांना पाहुणे समजून सोन्याच्या पेल्यात मक्याची दारू दिली, ती त्यांनी जमिनीवर ओतली, असं इंकांकडचे सांगतात. पुढे भेटीला बोलावून त्याला पकडलं, खोलीभर सोनं घेतलं आणि तरी मारलं.

"हे बोल."

"टू लाँग आहे, आत्या."

नमाजानंतर खंजीर विकणाऱ्या एका आजोबांनी दुकान उघडलं आणि आम्हांला हाक मारली. खजूर दिला, बिनकानाच्या चिमुकल्या कपात काहवा (वेलचीची कॉफी) ओतला. मी "पुरे, पुरे" म्हणत कप परत करायची, ते भरायचे.

"कप हलवून दे ताई, नाहीतर भरतच राहतील!" प्रकाश हसत होता.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

मग त्याची पाळी आली. तो उभाच, हातात किल्ली. "खलास, खलास. यल्ला, चल ताई, उशीर होतोय." आजोबांचा हात कपासकट तसाच पुढे.

इरा लाल झाली. "बाबा, घ्या ना! त्यांनीपण असंच केलं होतं."

"कोणी?"

"स्पॅनिशांनी!"

प्रकाशला काही कळलं नाही, पण तो बसला. प्यायला. कप हलवून परत दिला. आजोबा हिंदीत म्हणाले, "अभी ठीक."

किल्ला शेवटी बाहेरूनच पाहिला.

मी भारतात घरी परतल्यावर इराचा फोन आला. "आत्या, मी कपपासून स्टार्ट केलं. प्राइझ नाही मिळालं. टीचर म्हणाल्या, गन्स राहिल्या."

मी कपाळावर हात मारला.

"पण बाबा आता कोणाकडेही उभ्याउभ्या कॉफीला नाही म्हणत नाहीत. बसतात."