ओटीत घातलेली लेक

कमलवहिनी गेल्याचं मला वडवणीच्या आठवडी बाजारात कळलं. गावातला रामभाऊ मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाला, "गुरुजी, कमलवैनी गेली की परवा." मी रिकामी पिशवी धरून तसाच उभा राहिलो. आता दीड महिना झाला... त्यांच्याविषयी लिहायला बसलो की राग येतो, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच असतो.

मी वडवणीला राहायला येण्यापूर्वी गावात वहिनी आमच्या शेजारच्या. लग्नाला बारा वर्षं होऊनही मूल नव्हतं. अंकुश या धाकट्या दिराला तिसरी मुलगी झाली, तेव्हा बारशाच्या दिवशीच नवराबायकोनं बाळ उचलून वहिनींच्या ओटीत घातलं. हळदीकुंकू झालं, गावानं घुगऱ्या खाल्ल्या, मीही खाल्ल्या. दत्तकपत्र करून नोंदवून घ्या, असं कुणीतरी सुचवलं, तर वहिनी हसल्या. "घरातलीच लेक हाय. कागद कावून लागतोय?" सहा वर्षांनी तीच पोर, रूपा, माझ्या शाळेत आली. जन्मदाखल्यावर अंकुशचं नाव होतं, तेच मी रजिस्टरात वडील म्हणून लिहिलं. "आमचं नाव न्हाई लागत?" वहिनींनी विचारलं होतं. मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "नंतर बदलू."

रूपा चौदाची असताना वहिनींचे यजमान वारले. आता जमिनीत रूपाही वारस होणार, हे ध्यानात येताच अंकुशनं तेराव्यालाच सांगून टाकलं, "पोरगी सांभाळायला दिलती. दत्तक न्हाई." आणि तिला घेऊन गेला. वहिनी मागं धावल्या. "सारी जमीन लिहून घ्या भावजी, लेक तेवढी ठिवा..." पोरगी मोठी होऊन उद्या हक्क मागेल, या भीतीनं त्यानं ऐकलं नाही.

मी वहिनींना बीडला वकिलाकडे नेलं. भला माणूस. म्हणाला, "आईबापांनी मूल दिलं आणि तुम्ही घेतलं, तर कायद्यानंही दत्तक झालं. पण नोंदलेला कागद असता तर कोर्टानं आधी तेच खरं धरलं असतं. आता सिद्ध आपण करायचं. साक्षीदार आणा." घुगऱ्या खाल्लेल्यांच्या दारोदार आम्ही फिरलो. "भावकीच्या भांडणात आमी कशाला पडावं?" एवढंच उत्तर. साक्षीला मी एकटा उभा राहिलो, तर समोरच्या वकिलानं माझंच रजिस्टर माझ्यापुढं धरलं. "वडिलांचं नाव तुम्हीच लिहिलं ना?" मी हो म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. विधी नव्यानं करावा म्हटलं, तर जन्मदात्यांची संमती हवी आणि मूल पंधराच्या आतलं हवं. तारखा पडता पडता रूपा सोळाची झाली. वहिनी खंगत गेल्या.

वहिनींच्या दहाव्याला मी गावी गेलो. वहिनींची जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून अंकुशनं वारसाचा अर्ज आणला होता; त्यानं मला वहिनींच्या खोलीत बोलावलं. "गुरुजी, तेवढं भरून द्या." मी नाही म्हणालो. मग त्यानं रूपाला हाक मारली. ती वहिनींच्या कॉटवर, त्यांच्या गोधडीवर बसून लिहू लागली. मध्येच थांबली.

"अपत्य... इथं काय लिहू?"

"न्हाई म्हणून लिही," अंकुश म्हणाला.

तिनं लिहिलं. कागद बापाच्या हाती दिला, गोधडीत तोंड खुपसलं आणि "आई" म्हणाली. मी ऐकलं, अंकुशनंही ऐकलं. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.