ओली पट्टी

हात धुण्यावरून मी आयुष्यभर भांडत आले. गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात मी अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे नर्स होते, ऐंशीनंतरच्या वर्षांत. कोपरापर्यंत साबण, नखं कापलेली, बांगड्या काढलेल्या; त्याशिवाय मी कुणाला, अगदी मोठ्या डॉक्टरांनाही, बाळाजवळ फिरकू द्यायची नाही. पाठीमागं मला साबणबाई म्हणायचे. म्हणेनात का!

मंठाळकडची एक पोर आली. सातव्या महिन्यात जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी. तिच्या आईची आधीची दोन बाळं गेलेली. दूध पचेना म्हणून डॉक्टरांनी बेंबीतून तिच्या रक्तवाहिनीत बारीक नळी घातली होती. अशी नळी म्हणजे थेट रक्तात उघडणारं दार. घाण पाण्याचा एक थेंब आत गेला की संपलं. नळीभोवतीची पट्टी स्वच्छ आणि कोरडी ठेवणं हे माझं काम होतं, आणि ते मी चोख करत होते.

पोरीची आजी पहिल्या दिवशी मला "अक्का, अक्का" करायची. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अक्का, तुमी कुन्या गावच्या? कोनाच्या?" मी गाव सांगितलं. वडिलांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होते, तेही सांगितलं. लपवायला मी काय चोरी केली होती? त्यानंतर अक्का गेली आणि "ए बाई" सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी पट्टी ओली. बदलली. दुपारी पुन्हा ओली. नळीच गळते की काय म्हणून मी तपासत बसले, मूर्खासारखी. मग दाराआड उभी राहिले. मी बाळाला हात लावून बाजूला झाले की म्हातारी पदराखालून तांब्या काढायची आणि तुळशीच्या पानानं गोमूत्राचं पाणी शिंपडायची. पोरीवर, कपड्यावर, नळीवर. माझा विटाळ फेडायला!

"आजी, काय करायलाव? मरंल ती!" मी ओरडले.

"वरडायलीस कामून? तू शिवलीस, म्या शुद्ध केलं. तुजं काम तू कर, माजं म्या करते."

मी डॉक्टरांना बोलावलं. नळी आत्ताच काढा म्हटलं, म्हातारीला आत येऊ देऊ नका म्हटलं. ते शिकलेले, चार भाषा बोलणारे. नळीकडं एकदा पाहून म्हणाले, "शीर पुन्हा मिळायची नाही, राहू दे. आणि सिस्टर, जुनी माणसं आहेत, त्यांच्या भावना समजून घ्या. दोन दिवस तुम्ही बाळंतिणींकडं जा." तांब्या तिथंच राहिला. हलवलं मला.

दोन दिवसांनी पोर थंड पडली. अंगावर निळसर जाळी उमटली, श्वास मध्येच थांबायला लागला. जंतू रक्तात पसरले होते. दुपारी ती गेली. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, अपुऱ्या दिवसांचं मूल. एवढंच.

कळल्याबरोबर मी धावत आले. व्हरांड्यात तिची आई भिंतीला टेकून बसली होती. म्हातारीनं माझ्याकडं बोट केलं आणि सुनेला म्हणाली, "हिचा हात लागला म्हनून गेली." डॉक्टर तिथंच उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते चष्मा पुसत राहिले. आणि मी, मोठ्या डॉक्टरांना साबण दाखवणारी मी, गप्प राहिले. त्या दोघांवरच्या रागाहून हा माझ्यावरचा राग मोठा आहे, तो अजून गिळता येत नाही.

पोरीला शेवटचं गुंडाळायचं होतं. तिच्याजवळ मी हात न धुता कधी गेले नव्हते. मी नळ सोडला, साबण घेतला, कोपरापर्यंत चोळायला लागले.

"बघा," म्हातारी मागून सगळ्यांना म्हणाली, "आता धुवायलीय."