चार बोटांचा फरक

आता कसं सांगू, माझंच मला हसू येतं. भक्तीच्या भरात मी आमच्या हेडगुरुजींची अब्रू जवळजवळ वेशीवर टांगली होती.

तेव्हा मी रनाळ्याच्या शाळेत नवा मास्तर. शाळा कसली, देवळाची ओसरी. त्या वर्षी संध्याकाळी पश्चिमेला शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, दिसू लागलं. गुरुजींनी पाच संध्याकाळी त्याची जागा मोजली आणि मग आठ दिवस ढग.

पाटील म्हणाले, "ढग गयात की ते कोठे दिखी, सांगा. खरं निघनं तर मन्ही खळानी खोली शाळाले दिधी समजा."

गुरुजी आकडे मांडत बसले. माणूस काय सांगू तुम्हाला! पाचही मोजण्या एकमेकींशी भांडत होत्या. मी विचारलं, "यातली खरी कुठली?"

"एकही नाही. सगळ्या थोड्या थोड्या चुकल्यात. सगळ्यांची चूक मिळून कमीत कमी राहील अशी वाट काढायची."

वर आपण स्वतः किती चुकू, हेही त्यांनी गणितानंच काढलं. मी मनातल्या मनात साष्टांग दंडवत घातला.

त्यांनी कागदावर लिहिलं: 'रविवारी दिवस मावळल्यावर देवळाच्या पायरीवरून हात लांब करून बघा. निंबाच्या शेंड्यापासून डावीकडे एक वीत. चार बोटं इकडे किंवा तिकडे.' ते देवळासमोरच्या चावडीच्या फळ्यावर उतरवायचं काम माझं.

शेवटचं वाक्य मला खटकलं. एवढा विद्वान माणूस, आणि असं चाचरत बोलणार? गाव हसेल की. मी ते गाळलं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? वीतभर अंतर धरून एक उंच बांबूही रोवला, लोकांनी नेमकं टोकावर बघावं म्हणून.

रविवारी आभाळ मोकळं. सगळं गाव बांबूच्या टोकाकडे डोळे लावून बसलं. टोकावर काहीच नाही. गुरुजी संध्या आटोपून आले तेव्हा पाटील उठतच होते.

"काही नही शे आठे. चला घर."

गुरुजींचा चेहरा उतरला. मला तर रडूच यायला लागलं. खोली गेली आणि गुरुजींची पतही गेली.

तेवढ्यात पाटलांची म्हातारी आई म्हणाली, "बांबूले काय दखी ऱ्हायनात? ते तठे शे ना."

बांबूच्या डावीकडे तीन बोटं. फिकट, पण शेपटीसकट.

गुरुजींनी खिशातून मूळ कागद काढून पाटलांपुढे धरला. पाटलांनी तो वाचला, बोटांनी अंतर मोजलं, फळ्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"गुरुजी, खोली तुम्हनी. पन ह्या मास्तरना फरक किती बोटं धराना?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "पाटील, शेंडेनक्षत्राचा अंदाज बांधता येतो. ते नियमानं चालतं."