चित्रं बघायला गेलेली पाच माणसं

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसायची पद्धत आहे. पूर्वी तिथे गुडघे, शुगर आणि सुना हे तीनच विषय चालायचे. हल्ली म्युझियम! एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा गार होतो तरी कुणी उठत नाही.

दोष सगळा माझ्या भाचीचा. केतकीला शहराबाहेरच्या नव्या कलासंग्रहालयात नोकरी लागली. म्हणाली, "मामा, सगळ्यांना घेऊन या."

सगळे म्हणजे आम्ही पाच जण. मी, सरकारी नोकरीतून रिटायर. माझी बायको नलिनी. आयुष्यभर गणित शिकवलेले कुलकर्णी सर. आणि समोरच्या फ्लॅटमधले बापू आणि शकूवहिनी. बापूंची सिन्नरकडे द्राक्षबाग आहे, ती आता मुलगा बघतो. बापू दोघांच्या वाटचं बोलतात, वहिनी ऐकतात. आमचा पाचांचा मिळून चित्रकलेशी संबंध एवढाच, की दर जानेवारीत भिंतीवर नवं कॅलेंडर लावायचं!

*

पहिल्याच दिवशी बापूंनी दारात चपला काढल्या.

सिक्युरिटीवाला म्हणाला, "काका, चपला घाला. इथे चालतं."

"आत देव नाय का?"

"नाही, चित्रं आहेत."

बापूंनी आत डोकावून पाहिलं. माणसं हात मागे बांधून, मान वाकडी करून, गप्प उभी.

"मग कुणी गेलंय का?"

*

कुलकर्णी सर मात्र तयारीने आले होते. आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी कला समजून घेतली होती. म्हणाले, "माझ्या मागून या. मी एक्स्प्लेन करतो." आणि ताठ मानेने पहिल्या दालनात शिरले.

समोर भिंतभर चित्र. त्यात एक बाई आरामात लोडाला टेकून पहुडलेली. अंगावर फक्त नथ!

सर जागीच फिरले. दोन्ही हात पसरून दार अडवलं, शाळेत मुलींना पावसात जाण्यापासून अडवायचे तसं, आणि ओरडले, "थांबा! या खोलीचं काम चालू आहे!"

नलिनी त्यांच्या हाताखालून वाकून आत गेली. निवांत चित्र बघितलं. मग तिथूनच म्हणाली, "अहो सर, काम पूर्ण झालंय की! बोटं काय सुरेख काढलीयेत!"

सर पाणी प्यायला गेले ते अर्धा तास आलेच नाहीत. छताला पंखा नव्हता, तरी बापू वर पंखाच शोधत राहिले.

*

आता माझा सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचेच सांगतोय.

एका खोलीत एकच चित्र होतं. मोठ्या काचेमागे नुसता काळा रंग. केतकीने बजावलं होतं, "मामा, घाई करायची नाही. चित्रासमोर उभं राहायचं. ते हळूहळू बोलायला लागतं."

मी उभा राहिलो. आणि खरंच, हळूहळू त्या काळोखातून एक चेहरा वर यायला लागला! अंधूक. टक्कल पडलेला, तोंड किंचित उघडं. अंगावर काटा आला हो माझ्या. आयुष्यात प्रथमच मला चित्र कळत होतं.

धावत जाऊन केतकीला घेऊन आलो. "काय माणूस आहे गं हा चित्रकार! त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा बावळटपणा काय पकडलाय!"

"कुठला म्हातारा?"

"हा काय!"

केतकी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. काळोखात म्हाताऱ्याच्या शेजारी एक मुलगी आली.

"मामा," ती म्हणाली, "हात हलवा बघू."

*

गोधडीचा किस्सा नलिनी मला सांगू देत नाही, पण ती आत्ता भाजी आणायला गेली आहे.

तिथे एक जुनी गोधडी भिंतीवर टांगली होती. नलिनीला कितीतरी वेळाने काहीतरी ओळखीचं दिसलं. जवळ गेली, टाके बघितले, "बाईने मन लावून शिवलीय" वगैरे म्हणाली. खालच्या कोपऱ्यातून एक लाल दोरा लोंबत होता. बिचारीला राहवलं नाही. वाकली, दोरा दातात धरला आणि कट्!

केतकीने जी किंकाळी फोडली, ती बाहेर पार्किंगमध्ये सिक्युरिटीवाल्याला ऐकू गेली.

"मामीऽऽ! काय केलंस!"

नलिनी दोरा तोंडात धरूनच म्हणाली, "अगं, उसवली असती ना सगळी!"

केतकी पांढरीफटक. तिने शेजारची पाटी दाखवली. त्यावर कलाकृतीचं नाव होतं: 'सुटलेला धागा'.

मला तर घामच फुटला. नोकरी लागून पोरीला धड सहा महिने झाले नव्हते. मॅनेजर आले, गोधडीच्या कलाकाराला फोन लावला. स्पीकरवर टाकला. आम्ही पाचही जण ओळीत, मान खाली घालून.

"तोडला?" पलीकडून आवाज आला.

"हो सर. व्हिजिटरने."

"कशाने?"

मॅनेजरांनी नलिनीकडे बघितलं. "दाताने."

नलिनीने माझा हात घट्ट धरला होता. लग्नानंतर असा बहुतेक तेव्हाच.

मग आवाज आला, "मग आता झाली ती पूर्ण. पाटी तेवढी काढा."

*

यानंतर आम्ही तिथे परत जाऊ असं कुणाला वाटलं नव्हतं. पण गेलो! चटकच लागली. आणि बापूंचा कॉन्फिडन्स तर फारच वाढला. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते अनोळखी लोकांनाही चित्रं समजावून सांगायला लागले.

एकदा निळ्या-जांभळ्या गोळ्यांचं एक चित्र लागलं होतं. वरून सगळीकडे पांढुरके फटकारे. बापूंनी चष्मा वर केला, खाली केला.

"द्राक्षं हायेत. पण लय वाईट परिस्थिती. भुरी पडलीय घडावर. ही पांढरी बुरशी दिसती का? वेळेवर गंधक मारायला पायजे होतं. आता नाय वाचत हे. काढून टाका म्हणावं."

मागे आखूड केसांची एक मुलगी उभी होती. हलक्या आवाजात म्हणाली, "काका, ते चित्र मी काढलंय."

"मग बरोबर सांगतोय ना मी?"

"ती माझी आई आहे."

बापूंनी चित्राकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. टोपी काढली.

"तब्येत कशी हाय आता त्यांची?"

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

'आपलं शहर' असं काहीतरी नवं प्रदर्शन लागलं होतं. जुनी तैलचित्रं. गोदेचा घाट, भाजीबाजार, टांगे. बापू खूश! ओळखीच्या जागा दिसत होत्या. मोठमोठ्याने नावं घेत पुढे पुढे चालले होते.

एका चित्रात नाशिक रोड स्टेशनचा प्लॅटफॉर्म होता. दुपारचं ऊन, बाकावर एकटीच बसलेली तिशीतली बाई आणि तिच्या पायाशी हिरवी लोखंडी पेटी.

"अरेच्च्या!" बापू मला हाक मारत ओरडले. "भाऊसाहेब, इकडं या! अशीच पेटी आपल्या घरी हाय. हिच्या लग्नातली. अगदी अशीच! आमच्या पेटीचा तर कोपरा चेपलेला हाय, मीच पाडली होती ट्रॅक्टरवरनं उतरवताना, वरात घरी आली तेव्हा..."

बोलता बोलता ते चित्राजवळ गेले. आणि थांबले. पेटीचा कोपरा चेपलेला होता.

मग त्यांची नजर हळूहळू वर गेली. बाईच्या पातळावरून, मांडीवरच्या हातांवरून, चेहऱ्यावर. उजव्या भुवईत जखमेची बारीक खूण.

आम्ही सगळ्यांनी शकूवहिनींकडे बघितलं. भुवईत तीच खूण.

कुलकर्णी सर उगाच पाटी वाचायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

वहिनी पदर सावरत पुढे आल्या. चित्राकडे नीट बघितलं.

"समोर एक दाढीवाला बसून काहीतरी खरडत होता खरा," त्या म्हणाल्या. "नाक जरा मोठं काढलंय."

बापूंचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "शकू... पेटी घेऊन कुठं निघाली होतीस?"

वहिनी चित्राकडेच बघत होत्या.

"आन् मग? गेलीस का नाय?"

"गाडी लेट होती," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं चित्र बघायला गेल्या.