नाशिक ते सटाणे, सीटवर दह्याचं गाडगं

सटाण्याहून कमळला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं, आणि आमच्या घरात मोटारीचा विषय पुन्हा निघाला. पुन्हा म्हणते, कारण आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान, तो गेली तीन वर्षं रोज जेवताना काढतच होते. त्यांना आठवड्यातून चार दिवस निफाडच्या कोर्टात जावं लागतं. घरापासून टांग्याने नाशिक रोड, तिथून आगगाडी, निफाडला उतरून पुन्हा टांगा. इतकं करून पोचावं तर पक्षकार झाडाखाली ताटकळलेला आणि पुकारा होऊन गेलेला. तेव्हा त्यांना मोटार हवी होती निफाडसाठी. मला हवी होती कमळसाठी.

कमळ आमची एकुलती मुलगी. दोन वर्षांपूर्वी, तिला चौथा महिना असताना, दिवाळीला तू आलीच पाहिजेस असा हट्ट मी धरला. विहीणबाईंनी कळवलं होतं, की पोरीला आता हलवू नका. मी ऐकलं नाही. कमळ भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत मागच्या बाकावर बसून निघाली. वडाळीभोईच्या अलीकडे रस्त्यात एक ओढा आहे, तिथे मोटार अशी आदळली की ती बाकावरून खाली आली. पुढचं लिहीत नाही. ती दिवाळी आमच्याकडे झाली नाही. कमळने त्यानंतर मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला अजून बोचतं.

या खेपेला सातवा महिना लागला तसं जावईबापूंचं पत्र आलं. खाली विहीणबाईंनी सांगून लिहवलेली एकच ओळ होती: आधी मोटार पाहीन, मग पोर पाठवीन. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मोटारही पाहिली नसती.

भद्रकालीत करीम उस्तादांचं मोटारदुरुस्तीचं पत्र्याचं दुकान आहे. देवळालीच्या छावणीतले गोरे साहेब विलायतेला परत जाताना आपल्या मोटारी विकतात, त्यांतल्या बऱ्याचशा उस्तादांच्या हातून नव्या मालकाकडे जातात. आम्ही गेलो तेव्हा दोन उभ्या होत्या. एक निळी, इंग्लिश, बंद टपाची, बुटकी आणि अशी चकचकीत की वकीलसाहेबांनी तिच्या दारात बघून टोपी सरळ केली. दुसरी काळी, अमेरिकन, कापडी टपाची. चाकं उंच, पोट जमिनीपासून चांगलं वर, आणि चेहरा एखाद्या रागावलेल्या मास्तरासारखा. यजमानांनी तिच्याकडे पाठ फिरवली. निळीबद्दल ते उस्तादांना विचारत होते ते सगळं वेगाबद्दल. मी एकच विचारलं, लेकीला बाळंतपणाला आणायचंय, धक्के किती बसतात?

"आता ते कसं सांगू, बाईसाहेब?" उस्ताद म्हणाले. "रस्ता सांगंल."

घरी येऊन मी विचार केला आणि रात्री दुधाला विरजण लावलं. सकाळी गाडग्यात सुरीने कापावं असं घट्ट दही तयार होतं. तोंडाला फडकं बांधलं आणि निळ्या मोटारीत बसले. चालवायला उस्तादांच्या दुकानातला पोरगा होता. यजमान म्हणाले, हे काय? मी म्हटलं, परीक्षा. निफाडपर्यंत जाऊन यायचं. दही मोडलं नाही तर मोटार घ्यायची.

ज्यांनी अजून मोटारीचा प्रवास केलेला नाही त्यांना सांगते, पहिल्या दहा मिनिटांत काही सुचत नाही. झाडं आपल्या अंगावर येतात आणि ऐनवेळी बाजूला होतात. ज्या वाटेला माझ्या वडिलांना बैलगाडीने अख्खा दिवस लागायचा, ती आम्ही सकाळचा चहा अंगात ऊन असतानाच संपवली. निफाडच्या बाजूला दोन्हीकडे ऊस डुलत होता, मध्येच एखादा द्राक्षाचा मळा. हे सगळं मी आगगाडीतून पाहिलं होतं, पण आगगाडी आपल्याला नेते. मोटारीत वाटतं की आपणच निघालोय. परत आलो, फडकं सोडलं. दह्यावर चरासुद्धा नव्हता. यजमानांनी खिशातून चेकबुक काढलं.

उस्ताद हात पुसत बाहेर आले. त्यांनी गाडग्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गाडगं कुठं ठेवलं होतं?"

"मांडीवर. दुसरं कुठं ठेवणार?"

"मग बाईसाहेब, तुमची मांडी पास झाली. गाडी तर अजून परीक्षेला बसलीच नाय."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. जन्मभर मी दह्याची भांडी, तूप, लोणच्याच्या बरण्या, तान्ही मुलं, सगळं मांडीवर घेऊनच प्रवास केलेला. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी ठेवायचं हे डोक्यातच आलं नाही. प्रत्येक खड्ड्याला मी नकळत गुडघे वर घेऊन गाडगं झेललं होतं आणि श्रेय निळीला देऊन मोकळी झाले होते. आपलं गिऱ्हाईक खूश असताना, चेकबुक बाहेर आलेलं असताना, उस्तादांनी हे का सांगावं? मी त्यांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "तुमच्या लेकीसाठी घेताय म्हणून सांगितलंत ना."

दुसऱ्या दिवशी गाडगं मागच्या सीटवर एकटं बसलं. निळीने निफाड येण्याआधीच त्याचं ताक केलं. तिसऱ्या दिवशी काळी. तिचे पाटे लांब, म्हणजे चाकावरच्या त्या लोखंडी कमानी, आणि सीटमध्ये घोड्याचे केस गच्च भरलेले. जाऊन येऊन दह्याला एका कडेला केसाएवढी भेग पडली होती, बस्स. वकीलसाहेब दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. मग काळीचे कागद झाले. उस्तादांनी पाटे उतरवून साफ केले, तेल दिलं आणि म्हणाले, सटाण्याला मी स्वतः चालवीन.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी सहाला निघालो. यजमान पुढे उस्तादांजवळ, मी मागे, आणि सीटवर माझ्या शेजारी नव्या विरजणाचं गाडगं. ज्यांना ही वाट करायची आहे त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. पेट्रोलचा एक भरलेला डबा बरोबर घ्यावा, कारण आग्रा रोड सोडल्यावर कुठे मिळेल याचा भरवसा नाही. आणि इंजिनासाठी पाण्याची घागर घ्यावी, घाट चढताना मोटारीला माणसापेक्षा जास्त तहान लागते. गोदेवरचा पूल ओलांडला तेव्हा खाली नदीवर धुकं होतं. आडगाव, ओझर मागे पडलं. पिंपळगावला थांबून चहा घेतला. तिघांचा चहा आणि गरम भजी मिळून तीन आणे. चहावाला मोटारीभोवती फिरून आला आणि यजमानांना म्हणाला, "लय दणकट हाय बरं का, साहेब." निफाडच्या पक्षकारांपेक्षा त्या एका वाक्याने त्यांचा चेहरा जास्त खुलला. तिथून पुढे ते काळीला आपली म्हणू लागले.

पिंपळगाव सोडलं आणि डावीकडे सातमाळ्याचे डोंगर उघडले. मी नाशिकची; डोंगर मला नवे नाहीत. पण ते असे रांगेने कधी दिसले नव्हते. त्यांत धोडप उठून दिसतो, माथ्यावर उभ्या कातळाची भिंत, जणू कुणी वरवंट्याचा पाटा उभा करून ठेवलाय. आपण पुढे जातो तसा तो मान वळवून आपल्याकडे बघत राहतो. उन्हं वर आली, कातळ तांबूस झाले, आणि मी दाराबाहेर मान काढून पाहत राहिले. यजमानांनी दोनदा मागे वळून पाहिलं, मला बरं नाही की काय म्हणून. माझे हात आपोआप जोडले गेले होते, कुणाला ते मलाही माहीत नाही.

मग वडाळीभोईच्या अलीकडचा तो ओढा आला. मी उस्तादांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी मोटार थांबवली, खाली उतरले, ओढ्यातून चालत पलीकडे गेले, परत आले. दोन दगड उचलून बाजूला टाकले. मग बैलाच्या चालीने काळी खाली उतरली, पाण्याने चाकं भिजवली आणि वर चढली. मी गाडग्याला हात लावला नाही. दोन्ही हात पदरात घट्ट धरून बसले होते.

सोग्रसला आग्रा रोड सुटतो. पुढची वाट अरुंद आणि खडीची, देवळ्याच्या अलीकडे बारीचा घाट. तिथे इंजिनाला घागरभर पाणी पाजलं. पुढे गिरणेच्या पात्रात पाणी घोट्याएवढं होतं, पण वाळू ओढते; उस्तादांनी इंजिन चालू ठेवलं आणि यजमानांना उतरून ढकलावं लागलं. वकीलसाहेबांना धोतर खोचून नदीत उभं राहिलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. बाराच्या सुमाराला सटाण्यात विहीणबाईंच्या दारात पोचलो.

विहीणबाई उंच, काटक, शेतात राबणाऱ्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि सरळ मोटारीकडे गेल्या. सीट दाबून पाहिली. वाकून चाकं पाहिली. मग त्यांना गाडगं दिसलं.

"हाई काय शे?" हे काय आहे, असं त्यांनी तिकडच्या बोलीत विचारलं.

मी सगळं सांगितलं. मांडीचं सुद्धा लपवलं नाही. त्यांनी फडकं सोडलं, दह्याकडे बराच वेळ पाहिलं. वर एक भेग होती, गिरणेत पडली असावी. बाकी दही जसंच्या तसं.

"मोडेल नही शे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "मागला टाइमले मी जाऊ दिधं. मना बी दोष शे."

दोन वर्षं मी समजत होते की त्या मला दोष देत असतील. त्या स्वतःलाच देत होत्या. आम्ही दोघी त्या मोटारीच्या दारात उभ्या राहिलो आणि मला रडू आवरलं नाही. त्यांनीही डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना विहीणबाईंनी तेच दही वाटीत काढलं, साखर घातली आणि कमळच्या तळहातावर ठेवलं. निघणाऱ्याला दहीसाखर आपण सगळेच देतो. पण साठ मैल सीटवर एकटं बसून आलेलं दही मी त्या दिवशीच पाहिलं. उरलेलं त्यांनी उस्तादांच्या हातावर घातलं. कमळ मागच्या सीटवर चढली. मी तिच्या पाठीशी उशी लावत होते तेवढ्यात उस्ताद मागे वळून म्हणाले, "आता मांडी द्या, बाईसाहेब."

मग कमळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. गिरणा, बारी, सोग्रस. एवढी मोठी मुलगी, तिचं डोकं एवढं जड असेल हे मी विसरले होते. पोटावर तिने दोन्ही हात ठेवले होते. मध्येच म्हणाली, "आई, तो ओढा आला की मला आधी सांग. मी धरून बसेन." मी हो म्हटलं. तेव्हा मला कळलं की तीसुद्धा दोन वर्षं त्या ओढ्यापाशीच होती.

ओढा आला. मी तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड थोडं उघडं होतं आणि ती गाढ झोपली होती. उस्तादांनी आरशातून मला पाहिलं आणि काळी अशी खाली उतरवली की पाण्याचा आवाजच तेवढा आला. यजमानांनी पुढच्या दांडीला धरून ठेवलेला हात पलीकडे गेल्यावर बऱ्याच वेळाने सोडला.

परतीच्या वाटेवरचं मला एवढंच आठवतं. डोंगर होते, पण मी पाहिले नाहीत.

आता चांगले चार महिने झाले. काळी आठवड्यातून चार दिवस निफाडला जाते. दोनदा टायर बसला, एकदा भोंगा चोरीला गेला, बाकी तक्रार नाही. मोटार घ्यायच्या विचारात असलेली मंडळी वकीलसाहेबांना सल्ला विचारायला येतात आणि ते पाट्यांबद्दल आणि जमिनीपासूनच्या उंचीबद्दल असे बोलतात जसं काही त्यांनीच तिला निवडलं. मी बोलू देते. आत पाळण्यात नात झोपलेली असते. विहीणबाई तिला पाहायला त्याच मोटारीतून आल्या, मांडीवर दह्याचं गाडगं घेऊन.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. पंचवटीच्या देवळांचे कळस दिसू लागले, पुलावर मोटारीचा आवाज बदलला आणि कमळला जाग आली. डोळे चोळत ती घाईने उठून बसली, एका हाताने सीट धरली, दुसरा पोटावर.

"आई, ओढा आला का?"

"अगं," मी म्हटलं, "तो केव्हाच मागे गेला."